पाषाणच्या बंगल्यातली बिही : एका झाडाचं प्रकरण

मी पुण्यात घरोघरच्या बागा बघतो. कुणाच्या गच्चीवरची कुंड्यांची रांग, कुणाच्या बंगल्याभोवतीची चार झाडं, असं काम. त्यातलं हे एक प्रकरण मालकांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मालकांना मी काका-काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

पार्श्वभूमी

काकूंचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त काही वर्षं श्रीनगरला होता. २०१७ च्या ऑक्टोबरात काका-काकू त्याच्याकडे गेले, तेव्हा शेजारणीने बमचूंठ घालून केलेली वांग्याची भाजी त्यांना जेवायला वाढली. बमचूंठ म्हणजे काश्मिरी भाषेत क्विन्स. उर्दू-फारसीत बिही. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात खोकल्यासाठी बिहीदाणा मिळतो, तो याच फळाच्या बिया. पाण्यात टाकल्या की सब्जासारखा बुळबुळीत थर धरतात. फळ दिसायला ओबडधोबड पेअरसारखं, पिवळं, अंगावर पुसली जाणारी करडी लव. कच्चं खाल्लं तर तोंड आवळून येतं. पण मंद आचेवर दीड-दोन तास शिजलं की गर गुलाबी होतो आणि घरभर वास सुटतो. काकूंना त्या वासाने वेड लावलं.

झाड मिळवण्याचा पहिला प्रयत्न फसला, तो किस्सा काका अजून रंगवून सांगतात. रायपूरच्या नातेवाइकांना त्यांनी फोन करून ‘बिहीचं रोप मिळेल का’ विचारलं. ‘हवी तेवढी!’ म्हणून त्यांनी एक जोमदार रोप पाठवलं. छत्तीसगडमध्ये बिही म्हणजे पेरू. तो पेरू आज फाटकापाशी उभा आहे आणि कुणी काही न करता वर्षाला घमेली भरून फळं देतो. पुढे जे सांगणार आहे त्याच्या शेजारी हे लक्षात ठेवावं.

खरी बिही २०१८ च्या फेब्रुवारीत आली. मुलाने ओल्या शेवाळात मुळं गुंडाळून, पानं नसलेली काठी विमानाने आणली. बंगला पाषाणला, टेकडीच्या पायथ्याशी. जागा ठरली मागच्या कुंपणभिंतीला लागून, जिथे सकाळी १० पासून ऊन असतं. भिंतीची दुरुस्ती त्याच हिवाळ्यात झाली होती. खड्डा दोन फुटांचा घेतला, शेणखत भरलं, काठी लावली. महिन्याभरात पानं फुटली. पहिल्या पावसाळ्यात झाड कमरेइतकं झालं आणि सगळे खूश झाले.

अडचण

मला बोलावणं आलं ते २०२१ च्या फेब्रुवारीत. तोवर झाड डोक्याच्या वर गेलं होतं, पण बघवत नव्हतं. शेंड्याकडची पानं फिकट पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जणू कुणी पिवळ्या कागदावर हिरव्या पेनाने रेघा मारल्यात. जुन्या पानांच्या कडा करपलेल्या. तीन वर्षांत एकही फूल नाही.

काकांचं निदान तयार होतं. ‘हे थंडीचं झाड. पुण्यात थंडी राहिलीय कुठे? त्याला झोपच लागत नाही.’ त्यांनी वाचनही केलं होतं. सफरचंदाच्या जुन्या डेलिशियस जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालचे हजाराच्या आसपास तास लागतात, बिहीला जातीनुसार साधारण १०० ते ४५०. पाषाणला पहाटेचा पारा कधी ७-८ पर्यंत उतरतो, पण नऊ वाजेपर्यंत ऊन चढतं. त्या हिशोबाने वर्षाला हातावर मोजण्याइतकेच तास पदरात पडतात. म्हणून जानेवारीत दोन आठवडे त्यांनी रोज बर्फाची लादी आणून बुंध्याशी ठेवली होती. रसवंतीवाला ओळखीचा झाला, एवढाच त्याचा उपयोग. थंडी मोजतात ते फांदीवरचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब. मुळाशी बर्फ ठेवला तरी वर डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

या कारणाची गंमत अशी की ते अर्धं खरं होतं, आणि त्यामुळे कुणी त्याच्या पलीकडे बघितलं नाही. थंडी नाही म्हणून फूल नाही, हे पटण्यासारखं. पण थंडी नाही म्हणून कोवळं पान शिरा सोडून पिवळं का पडेल? दोन वेगळ्या तक्रारी एकाच कारणाच्या पोत्यात कोंबल्या होत्या. पान पिवळं दिसलं की पाणी वाढवायचं, मग युरिया टाकायचा, तरी सुधारलं नाही की म्हणायचं ‘थंडी नाही’. दीड वर्ष हेच चाललं.

काकूंची डायरी नसती तर मलाही उमगलं नसतं. काकू शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. कधी काय घातलं, कधी काय छाटलं, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. त्यातल्या तीन नोंदींवर मी बोट ठेवलं.

एक, २०१९ च्या उन्हाळ्यात बागेचं ठिबक महापालिकेच्या पाण्यावरून बोअरला जोडलं. पिवळेपणाची पहिली नोंद त्याच वर्षीच्या जुलैतली.

दोन, त्या वर्षी पाऊस लांबला, नोव्हेंबर उजाडला तरी पडतच होता. झाडाची निम्म्याहून जास्त पानं तांबूस-काळे ठिपके पडून गळाली होती.

तीन, ‘माळीकाकांनी बिही छान गोल केली. १४ जाने. २०२०.’ आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा तसंच.

ही तिसरी नोंद वाचून मी कपाळाला हात लावला. बिहीचं फूल सफरचंदासारखं झुपक्यात येत नाही. गेल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाकडचे डोळे फुटतात, त्यातून बोटभर कोवळा फुटवा निघतो आणि त्याच्या शेंड्यावर एकच एक फूल उमलतं. मेंदीच्या कुंपणासारखी सगळी टोकं कातरली, की त्या वर्षीची फुलं कातरीबरोबर गेली. थंडी भरपूर असती तरी गेलीच असती.

मातीत काय सापडलं

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर, म्हणजे लोह कमी पडतंय. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं, गुलाबाला दिसतं, मोगऱ्याला दिसतं. काकांनीही माळ्याच्या सांगण्यावरून दोनदा मूठभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आळ्यात टाकला होता. फरक नाही. कारण लोह मातीत नसतं असं क्वचितच होतं. मातीत चुना जास्त असला की लोह गंजासारखं बसून राहतं, मुळांना घेता येत नाही. वरून टाकलेला हिराकसही दोन दिवसांत तोच रस्ता धरतो. आणि बिहीची मुळं याबाबत फार नाजूक. पेअरची कलमं बुटकी ठेवण्यासाठी युरोपात ती बिहीच्या खुंटावर बांधतात. त्या बागाइतदारांची जुनी तक्रार हीच, की चुनखडीच्या जमिनीत अशी झाडं पिवळी पडतात. हे मला माहीत होतं, म्हणून संशय लगेच तिकडे गेला.

काकूंनी घरातलं व्हिनेगर आणलं. आळ्यातली कोरडी माती बशीत घेऊन वर ओतलं, तर सोड्याची बाटली उघडावी तशी फसफसली. पेरूखालची माती जेमतेम कुजबुजली. मग भिंतीलगत कुदळ मारली, आणि वीतभर खाली लागला राडारोडा. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, गिलाव्याची भुकटी. भिंत दुरुस्त करणाऱ्याने उरलंसुरलं तिथेच गाडून वर माती ओढली होती. बिहीचा दोन फुटी खड्डा त्या राडारोड्याच्या मधोमध पडला होता. पहिल्या वर्षी मुळं खड्ड्यातल्या शेणखतात होती, म्हणून झाड हसत होतं. बाहेर पडली आणि चुन्यात शिरली.

काका भिंतीकडे बघत म्हणाले, ‘म्हणजे कंत्राटदाराने आपल्याला चुना लावला तो लावला, झाडालाही लावला.’

माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासायला दिली. अहवालात सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना १४ टक्के. मोसंबी-संत्र्याच्या बागेला मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत हवा म्हणतात, त्यावरून अंदाज यावा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. म्हणजे ठिबकमधून रोज थोडा थोडा चुन्याचा डोस चालूच होता.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी मागच्या ओट्यावर चहा घेत दीड तास चर्चा झाली.

पहिला पर्याय मीच मांडला. काढून टाका. पुण्यात बिहीचा हट्ट कशाला? मुरंबाच हवा असेल तर बेल लावा. बेलाच्या शास्त्रीय नावातला ‘मार्मेलोस’ हा भाग पोर्तुगीज ‘मार्मेलो’वरून आला, आणि मार्मेलो म्हणजे बिहीच. मार्मालेड हा शब्दही तिथलाच. इंग्रजीत बेलाला ‘बंगाली क्विन्स’ असंही नाव आहे. बेलाला चुन्याचं फारसं वावडं नाही, थंडीची गरज नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बेल शंकराला वाहायला ठीक आहे रे. मला तो वास हवाय.’ विषय संपला. माणसाला झाड का हवंय हे आधी विचारायचं असतं, ते मी विसरलो होतो.

दुसरा पर्याय, झाड उपटून मोठ्या ड्रममध्ये हलवायचं. माती आपल्या हातात राहते, हा मोठा फायदा. पण तीन वर्षांचं, आधीच आजारी झाड. मुळं राडारोड्यात गुंतलेली. निम्मी तुटली असती.

तिसरा, जागेवरच माती बदलायची. एकदम नाही, एका वर्षी अर्धं वर्तुळ, पुढच्या वर्षी उरलेलं. हळू, मजुरीचं, पण झाडाला धक्का कमी.

फुलांसाठी वेगळे पर्याय होते. काकांच्या पुतण्याची नारायणगावकडे द्राक्षबाग. तो म्हणाला, ‘आम्ही ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतो, सगळे डोळे एकदम फुटतात. एक बाटली देतो.’ यावर मी ठाम नाही म्हटलं. द्राक्षवाल्यांना ते हाताळायची सवय असते, तरी तेही हातमोजे-चष्मा लावूनच हात घालतात. अंगावर उडालं तर कातडी भाजते आणि त्या दिवसांत पोटात दारू गेली तर माणूस आजारी पडतो. एका झाडासाठी, नातवंडं खेळतात त्या अंगणात, ते नकोच. डाळिंबवाले पानगळीसाठी इथ्रेल मारतात, तोही विचार झाला. तेवढ्यासाठी पंप भरण्यापेक्षा पानं हाताने ओरबाडणं सोपं होतं.

आणि खरं सांगायचं तर, झाडाला झोपवण्याची विद्या पुण्याला कुणी शिकवायला नको. थंडीने न झोपणाऱ्या झाडाला पाणी तोडून झोपवायचं, यालाच आपण ताण देणं म्हणतो. पुरंदरचे अंजीरवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. उन्हाळ्यात ताण देऊन जूनमध्ये छाटलं तर खट्टा बहार, पावसाळ्यात विश्रांती देऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटलं तर मीठा. डाळिंबाचे मृग, हस्त, आंबे हे तिन्ही बहार त्याच तत्त्वावर. काकांच्या बंगल्यापासून थोड्या अंतरावर गणेशखिंडीच्या फळबागेत १९३६ साली फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी आळंदी जातीतून निवडलेलं ‘गणेश’ डाळिंब अर्ध्या महाराष्ट्राने याच रीतीने पिकवलं. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बाटू गावात थंडी नसताना सफरचंद पिकतं, ते हाताने पानं ओरबाडून. तत्त्व एकच. झाड गाढ झोपी जाण्याआधी पानं काढायची आणि पाणी देऊन पुन्हा उठवायचं. बिहीवर कुणी करून पाहिल्याचं मला ठाऊक नव्हतं. पण सफरचंदापेक्षा कमी थंडी मागणारं, त्याच कुळातलं झाड आहे, तर का करू नये?

कोणता निर्णय, आणि कशासाठी

माझा बेत सगळं त्याच वर्षी करायचा होता. माती, पाणी, छाटणी, ताण. काकूंनी मोडता घातला. ‘सगळं एकदम केलंस आणि सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कसं कळणार? आणि मेलं तर?’ मला तेव्हा ते मास्तरकी वाटलं. पण आजारी झाडाला ताण देणं म्हणजे तापाच्या माणसाला उपास घडवणं. त्यांचं बरोबर होतं. ठरलं ते असं, की आधी पान हिरवं करायचं, फुलाचं नाव त्यानंतर.

काय केलं

२०२१ च्या मार्चमध्ये भिंतीकडचं अर्धं वर्तुळ खोदलं. बुंध्यापासून दोन फूट सोडून, अडीच फूट खोल चर. बावीस घमेली राडारोडा निघाला. जागी लाल माती, जुनं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. पुढच्या वर्षी दुसरी बाजू. बिहीचं ठिबक बोअरवरून काढून पुन्हा पालिकेच्या पाण्यावर जोडलं आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी एका टाकीत साठवून तेच वापरायचं ठरलं. ते जेमतेम दिवाळीपर्यंत पुरायचं.

लोहासाठी कुठलं चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवून मुळांपर्यंत पोचवणारं खत, घ्यायचं यात मी एक चूक केली. दुकानात जे मिळालं ते ईडीटीए प्रकारचं आणलं. स्वस्त असतं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की त्यातलं लोह सुटून जातं. आपल्या ८.३ च्या मातीत ते टाकणं म्हणजे हिराकसाचीच महागडी आवृत्ती. दोन महिने वाया गेले. मग ईडीडीएचए प्रकारचं मागवलं. गडद लाल भुकटी, पाण्यात टाकली की रक्तासारखा रंग, चौपट किंमत. पाकिटावरच्या प्रमाणात आळ्यात ओतलं, जूनमध्ये एकदा, सप्टेंबरात एकदा. तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी निघाली. जुनी पिवळी ती पिवळीच राहिली, ती सुधारत नाहीत.

पावसाळ्यातल्या ठिपक्यांसाठी मी एक टक्का बोर्डो मिश्रण सुचवलं. मोरचूद आणि चुना. काकूंनी चष्म्यावरून बघितलं. ‘पुन्हा चुना?’ फवाऱ्यातला चुना नगण्य असतो हे त्यांनाही माहीत होतं, पण तत्त्वाचा प्रश्न. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरलं, पाऊस उघडेल तसं तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे गळलेली पानं रोज वेचून बागेबाहेर टाकणं. रोग त्या पानांतच दबा धरून बसतो. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. हे काम काका रोज सकाळी पेपरच्या आधी करायचे.

माळीकाकांना कातरी लावायची बंदी झाली. ते महिनाभर रुसले होते.

ताण दिला २०२२ च्या अखेरीस, झाड दोन पावसाळे हिरवं राहिल्यावर. परतीचा पाऊस संपला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आच्छादन बाजूला केलं आणि पाणी बंद. भोवतालची माती काळी, तिचा ओलावा लवकर जात नाही, त्यामुळे पानं मलूल व्हायला चार आठवडे लागले. १५ डिसेंबरच्या सुमारास उरलेली पानं आम्ही तिघांनी हाताने काढली. देठ खालून वर न ओढता, डोळ्याला धक्का न लावता. मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढल्या. टोकांना हात नाही. मग काठ्यांचं ते झाड तसंच उभं राहिलं. येणारा जाणारा विचारायचा, मेलं का? संक्रांतीच्या आदल्या दिवशी काकूंनी शेणखत घालून भरपूर पाणी दिलं. तीळगुळाआधी झाडाला, असं त्या म्हणाल्या.

हाती काय आलं

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात डोळे फुगले. सगळे नाहीत. वरच्या बाजूचे साधारण निम्मे फुटले, खालच्या फांद्यांवरचे बरेच मार्चअखेरपर्यंत आंधळेच राहिले. थंडी कमी पडल्याची ही खूण. ताणाने झोप येते, पण ती थंडीसारखी पुरती होत नाही, हे मान्य करायला हवं.

५ मार्च २०२३ ला पहिलं फूल उमललं. बिहीची कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार असते, पाकळ्यांवर गुलाबी रेघा. उमलली की दोन इंचांचं, जवळजवळ पांढरं फूल. एकूण चौदा आली. बिहीला दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच असं नाही, स्वतःच्या परागावरही फळ धरतं. तरी काकूंनी नातवाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन रोज फुलाफुलावर फिरवला. पाच फळं धरली. एप्रिल-मेच्या उन्हात दोन गळाली. उरलेल्या तिन्हींना जूनमध्ये कागदी पिशव्या बांधल्या. ऑगस्टच्या झडीत एक पिशवी भिजून चिकटली आणि आतलं फळ देठाकडून सडलं.

गणपतीच्या आठवडाभर आधी दोन फळं उतरवली. एक १८०, दुसरं २१० ग्रॅम. काश्मीरच्या फळासमोर लहान, पण वास तोच. काकूंनी बिया काढून वाळवल्या, आणि फोडींचा मुरंबा केला. दोन तासांनी रंग आला. पूर्ण गुलाबी नाही, विटकरीकडे झुकणारा. माझ्या वाटणीला एक चमचा आला. पाच वर्षं, बावीस घमेली, चौपट किमतीचं चिलेट, आणि एक चमचा. तिकडे फाटकापाशी रायपूरची ‘बिही’ पेरूंनी वाकली होती.

२०२४ ला आम्ही मागे पडलो. फुलं जास्त आली, सव्वीस, फळंही नऊ धरली. पण काका-काकू जूनअखेर ते ऑगस्ट मुलाकडे होते. त्या जुलैत पुण्यात पावसाने कहर केला, फवारणी एकही झाली नाही, पानं कुणी वेचली नाहीत. ऑगस्टमध्ये झाड जवळजवळ नागडं झालं आणि फळं पानांविना पोसली गेली नाहीत, लिंबाएवढी राहून गळाली. सप्टेंबरात त्याच झाडावर पुन्हा पालवी आणि चार-पाच अवेळी फुलं. आम्ही डिसेंबरात हाताने जे करायचो, ते रोगाने ऑगस्टमध्ये करून टाकलं होतं. पुढच्या फेब्रुवारीसाठी राखलेले डोळे तिथेच खर्च झाले.

पुन्हा करायचं झालं तर

लावण्याआधी व्हिनेगरची बशी. पाच मिनिटांचं काम, तीन वर्षं वाचली असती. नव्याने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या भिंतीपासून चार फुटांच्या आत कुदळ मारून बघितल्याशिवाय मी आता कुठलंच फळझाड लावू देत नाही. पुण्यात बंगला म्हटलं की कुठेतरी राडारोडा गाडलेला असतोच.

जमिनीऐवजी मी आज सुरुवातच ड्रमने करेन. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून, लाल माती, शेणखत, तळाला भोकं. ड्रममधल्या मातीला ताण पाच-सहा दिवसांत बसतो, चार आठवडे वाट बघावी लागत नाही. शिवाय पावसाळ्यात तो पत्र्याखाली सरकवता येतो, आणि पानावर पाणी साचलं नाही की ठिपके निम्मे. चाकांची पाटी हवी, नाहीतर सरकवणार कोण?

ताणाच्या वेळेबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. मार्चला फूल म्हणजे सप्टेंबरला फळ, आणि फळ पोसण्याचा सगळा काळ पावसात. काश्मीरमध्ये ते महिने कोरडे. खट्टा बहाराच्या धर्तीवर उन्हाळ्यात ताण देऊन फूल जून-जुलैत आणलं, तर फळ डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत पिकेल. पण मग फुलं धो धो पावसात उमलणार आणि थंडीचे जे चार तास मिळतात त्यांचाही उपयोग नाही. काका म्हणतात करून बघू. काकू म्हणतात एका झाडावर प्रयोग करायचा नसतो, दुसरं झाड हवं.

बिही काडीवरून सहज येते. २०२५ च्या जानेवारीत काकूंनी पेन्सिलीएवढ्या सहा काड्या वाळूत खोचल्या, चार जगल्या. दोन ड्रममध्ये गेल्या, गच्चीवर. एक त्यांनी मला दिली. चौथी माळीकाकांनी मागून नेली आणि गावाकडे, सासवडजवळच्या आपल्या अंजिराच्या बांधावर लावली. परवा भेटले तेव्हा मी विचारलं, कशी आहे? ‘पानं हिरवीगार,’ म्हणाले. ‘शेंडा नाही छाटला. तुम्ही ओरडाल म्हणून.’